कोनाक्रीचें निवाडपत्र

जुना कागद हातीं आला असतां तो कोणीं, केव्हां व कोणत्या हेतूनें लिहिला, हें संशोधकास प्रथम पाहावें लागतें. हाच दंडक आपल्या काळांतील राजकीय कागदांसही लावणें अवश्य आहे. पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशाचें एक प्रकरण या दृष्टीनें मननीय वाटल्यामुळें तें येथें संक्षेपानें देतों.

28 सप्टेंबर 1958 रोजीं गिनीच्या लोकांनीं द गॉल यानें योजिलेल्या फ्रेंच राज्यसंघांत राहण्यास नकार देणारा कौल दिला. त्या तारखेचें नांव राजधानी कोनाक्री येथील क्रीडांगणास आहे. पुढें 22 डिसेंबर 2008 रोजीं राष्ट्राध्यक्ष लान्साना कोंते मरण पावला व दुसऱ्याच दिवशीं कॅप्टन मूसा दादिस कामारा याच्या पुढारीपणाखालीं लष्करानें सत्ता बळकावली. दादिस स्वतःच निवडणुकीस उभा राहणार, अशीं चिन्हें दिसूं लागतांच विरोधी पक्षांनीं 28 सप्टेंबर 2009 रोजीं त्याच क्रीडांगणांत सभा भरविली. शिपायांनीं आंत शिरून लोकांवर गोळ्या झाडल्या व स्त्रियांची विटंबना केली.

आतां कागदांची साक्ष पाहूं. सरकारनें मृतांची संख्या 57 सांगितली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशीमंडळानें मात्र किमान 156 माणसें मृत वा बेपत्ता असल्याचें आणि किमान 109 स्त्रिया व मुली लैंगिक अत्याचारास बळी पडल्याचें नमूद केलें. क्रीडांगण धुऊन काढलें, प्रेतें सामुदायिक खड्ड्यांत पुरलीं, रुग्णालयांतील नोंदी फिरविल्या, असेंही त्या मंडळास आढळलें. म्हणजे सरकारी दप्तर हेंच येथें दूषित साधन होय. उरली ती पीडितांची मुखसाक्ष.

ती साक्ष भर न्यायसभेंत येण्यास 13 वर्षें लागलीं. डिसेंबर 2009 मध्यें दादिसवर त्याचाच अंगरक्षक तुंबा दियाकिते यानें गोळी झाडली. दादिस वांचला व परदेशीं राहिला. खटला 28 सप्टेंबर 2022 रोजीं, म्हणजे त्याच तिथीस, सुरू झाला आणि दूरचित्रवाणीवरून सर्व देशानें तो पाहिला. 31 जुलै 2024 रोजीं न्यायालयानें हीं कृत्यें मानवतेविरुद्धचे अपराध ठरवून, हाताखालच्या लोकांच्या कृत्यांची जबाबदारी वरिष्ठावर येते या तत्त्वानें दादिसला 20 वर्षांची शिक्षा दिली. तुंबासही 10 वर्षांची शिक्षा झाली.

परंतु 28 मार्च 2025 रोजीं, 2021 सालीं स्वतः बंड करून सत्तेवर आलेला ममादी दुंबुया यानें प्रकृतीच्या कारणावरून दादिसला माफी दिली. न्यायसभेंत उभें राहून आपली लाज व दुःख ज्यांनीं उघड सांगितलें, त्यांस ही माफी जिव्हारीं लागली असल्यास नवल नाहीं. तथापि माफी व निर्दोषत्व हीं एक नव्हेत. माफीपत्रानें शिक्षा सुटते. निवाडपत्रांत सिद्ध झालेला दोष पुसला जात नाहीं. उलट, दोष असल्यावांचून माफी कशाची, हा प्रश्न तें माफीपत्रच उपस्थित करतें. यास्तव पुढें ज्या कोणाच्या संग्रहीं हीं दोन पत्रें येतील, त्यानें तीं एकमेकांपासून वेगळीं करूं नयेत.