अपराध्याचा शेजार : हिंसक गुन्हेकथेचा आस्वाद आणि ख्रिस्ती विचारपरंपरा

१

खून, विश्वासघात, क्रौर्य यांनी भरलेल्या कथेतून आनंद का मिळतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. करुण आणि बीभत्स रसांच्या आस्वाद्यतेची चर्चा संस्कृत साहित्यशास्त्रापासून चालत आलेली आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना हेही या प्रश्नाला दिलेले एक उत्तरच होते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःची भूमिका सर्वस्वी सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंदाचे मूळ आहे, असा त्या विवेचनाचा रोख होता. या चर्चेचा भर आनंदाच्या उपपत्तीवर आहे. तो आनंद घेताना आस्वादकाचे काय होते, आणि तो घेण्याचा त्याला अधिकार आहे काय, हे प्रश्न तेथे बहुधा दुय्यम राहतात. ख्रिस्ती विचारपरंपरेत ते आरंभापासून अग्रभागी आहेत.

या परंपरेविषयी एक सरधोपट समज प्रचलित आहे. तिने हिंसक करमणुकीचा सरसकट निषेध केला आणि विसाव्या शतकातील काही उदारमतवादी लेखकांनी तो शिथिल केला, असा हा समज. इतिहास तपासला असता तो टिकत नाही. परंपरेतील खरा वाद रक्त किती सांडले याविषयीचा नाही; पाहणारा स्वतःला अपराध्यापासून किती अंतरावर उभा करतो, याविषयीचा आहे.

२

इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने रोमन खेळ आणि नाट्यप्रयोगांविरुद्ध ‘डी स्पेक्टॅक्युलिस’ हा प्रबंध लिहिला. खेळांचा उगम मूर्तिपूजेत आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती माणसाने सैतानाच्या थाटामाटाचा त्याग केलेला असतो, हे त्याचे प्रमुख युक्तिवाद. परंतु समीक्षेच्या दृष्टीने एकोणिसावे प्रकरण अधिक महत्त्वाचे ठरते. रिंगणात मारला जाणारा माणूस गुन्हेगार असला तर त्याची शिक्षा पाहण्यात गैर काय, असा प्रश्न टर्टुलियन तेथे विचारात घेतो. गुन्हेगाराला शिक्षा होणे योग्य असेल. पण निरपराध माणसाला त्यात आनंद वाटता कामा नये, आपल्यासारखाच एक माणूस एवढा अपराधी व्हावा याचे त्याला दुःख व्हावे, असे त्याचे उत्तर आहे.

हाच टर्टुलियन प्रबंधाच्या अखेरीस मात्र वाचकांना अंतिम न्यायाच्या दिवसाचे भव्य दृश्य दाखवितो. राजे, तत्त्वज्ञ, नट आणि सारथी अग्नीत होरपळत आहेत आणि श्रद्धावंत ते पाहत आहेत! गिबनने १७७६ मध्ये या उताऱ्यावर कठोर टीका केली, तर नीत्शेने १८८७ मध्ये ख्रिस्ती नीतीत दडलेल्या सूडभावनेचा पुरावा म्हणून तो उद्धृत केला. एकाच ग्रंथात अपराध्याविषयीचे दुःख आणि त्याच्या यातनांचा आनंद शेजारी शेजारी नांदतात. पुढील शतकांतील गुन्हेसाहित्याची द्विधा अवस्था येथे बीजरूपाने आढळते.

संत ऑगस्टीनने हा प्रश्न रिंगणातून प्रेक्षकाच्या अंतःकरणात आणला. इसवी सन ४०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘कन्फेशन्स’च्या सहाव्या भागात त्याचा मित्र अलिपियस याची हकिकत येते. कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेलेल्या अलिपियसला हे खेळ नकोसे वाटत. मित्रांनी ओढून नेल्यावर तो डोळे मिटून बसला. पण जमावाचा कल्लोळ कानी पडताच त्याने डोळे उघडले आणि त्या दृश्याची त्याला धुंदी चढली. पुढे तोच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. येथे दोष केवळ दृश्याचा नाही. ‘मी पाहूनही अलिप्त राहीन’ हा अलिपियसचा आत्मविश्वासच त्याच्या पतनाचे कारण ठरतो. दहाव्या भागात ऑगस्टीन आणखी पुढे जाऊन छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यासाठी लोटणाऱ्या लोकांचे उदाहरण देतो आणि या ओढीला ‘डोळ्यांची वासना’ म्हणतो. पाहण्यात सुख नसतानाही पाहावेसे वाटणे, हा त्याच्या मते कुतूहलाचा विकार आहे.

३

मुद्रणकलेच्या प्रसारानंतर हा प्रश्न बाजारपेठेत आला. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाचा धर्मगुरू फाशी जाणाऱ्या कैद्यांची चरित्रे आणि अखेरचे बोल छापून विकत असे. १६७० च्या दशकापासून सुमारे शंभर वर्षे ही प्रकाशने चालू होती, आणि त्या धर्मगुरूला त्यांतून चांगली प्राप्ती होई. पापाचा परिणाम दाखविणे हा घोषित हेतू, तर गुन्ह्याचा तपशील हे खपाचे कारण. हा दुटप्पीपणा उघड असला, तरी त्या लेखनाची चौकट दुर्लक्षिण्यासारखी नाही. फाशी जाणारा माणूस लहान अपराधांतून मोठ्या अपराधाकडे गेलेला असे. म्हणजे त्याचा मार्ग वाचकाच्या परिचयाच्या वाटेवरूनच सुरू होई.

अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतात फाशीच्या प्रसंगी होणाऱ्या प्रवचनांतून हीच भूमिका अधिक स्पष्टपणे मांडली जाई. कॅरन हॅल्टुनेन यांनी १९९८ च्या ‘मर्डर मोस्ट फाउल’ या ग्रंथात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. आदिपापाच्या सिद्धांतामुळे खुनी हा श्रोत्यांपैकीच एक ठरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मानवी स्वभावाविषयीची आशावादी कल्पना दृढ झाली आणि खुनी हा अनाकलनीय, परका राक्षस बनला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष विचारप्रवर्तक आहे. माणसाविषयीचे मत जसजसे उदार होत गेले, तसतसे अपराध्याशी असलेले नाते तुटत गेले, आणि भयाचा निर्वेध आस्वाद शक्य झाला.

४

या पार्श्वभूमीवर जी. के. चेस्टर्टनच्या फादर ब्राउनचे महत्त्व ध्यानात येते. या कॅथलिक धर्मगुरूच्या कथांचा पहिला संग्रह १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेस्टर्टनने स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारला तो १९२२ मध्ये. १९२७ च्या ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राउन’ या संग्रहात हा गुप्तशोधक आपल्या पद्धतीचे रहस्य सांगतो. ते सारे खून मनोमन त्याने स्वतःच केलेले असतात. गुन्हेगाराला बाहेरून, एखाद्या दूरच्या प्राण्यासारखे न्याहाळण्यास त्याचा विरोध आहे; गुन्हेगाराच्या आत शिरून आपण कोणत्या क्षणी तसेच वागलो असतो हे ओळखणे, ही त्याच्या लेखी एक धार्मिक साधना आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या अनुभवाचे हे कथातंत्रात झालेले रूपांतर होय. सविकल्प समाधीत वाचक स्वतःची भूमिका राखून असतो. येथे नेमकी तीच सुरक्षित भूमिका धोक्यात येते.

याच संग्रहातील ‘द चीफ मोर्नर ऑफ मार्न’ ही कथा क्षमेची कसोटी पाहते. द्वंद्वात झालेली हत्या क्षम्य मानणारी प्रतिष्ठित मंडळी, ती हत्या कपटाने झाल्याचे कळताच क्षमेची भाषा विसरतात. ज्याला आपण पाप मानतच नाही, तेवढ्यालाच क्षमा करण्याच्या वृत्तीवर फादर ब्राउन बोट ठेवतो.

डॉरोथी सेयर्स या आंग्लिकन धर्मगुरूच्या कन्येने हा ताण वेगळ्या प्रकारे हाताळला. १९३७ च्या ‘बसमन्स हनीमून’ कादंबरीत गुन्हेगार सापडल्यावर कथा संपत नाही. फाशीच्या दिवशी पहाटे लॉर्ड पीटर विम्सी कोसळतो, रडतो. आपल्या बुद्धिविलासाची परिणती एका माणसाच्या मृत्यूत झाल्याचे त्याला सहन होत नाही. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशीची शिक्षा १९६५ पर्यंत अंमलात होती. म्हणजे कोड्यासारख्या रचलेल्या प्रत्येक रहस्यकथेच्या पलीकडे खराखुरा वधस्तंभ उभा होता. बहुतेक लेखक तो वाचकाच्या दृष्टीआड ठेवीत. सेयर्सने विम्सीच्या शेवटच्या पूर्ण कादंबरीत तो दृष्टीसमोर आणला.

५

या प्रकारच्या आस्वादाची सर्वांत परखड चिकित्सा डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने १९४८ च्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात केली. ऑडन स्वतः रहस्यकथांचा व्यसनी वाचक आणि आंग्लिकन पंथाकडे परतलेला श्रद्धावंत. त्याच्या मते या कथांचा वाचक पापाच्या जाणिवेने पछाडलेला असतो. एदेनच्या बागेसारख्या निष्पाप समाजात खून होतो, सर्वांवर संशय येतो आणि अखेर एकच अपराधी निश्चित होऊन इतरांचे निरपराधित्व परत मिळते. वाचकाला हवे असते ते हे परत मिळणे. ही एक मनोरम कल्पना असून ती कला नव्हे. दोस्तोयेव्हस्कीची कादंबरी वाचकाला खुन्याच्या यातनेत सहभागी करते, रहस्यकथा मात्र स्वतःच्या यातनेपासून त्याची सुटका करते, असा भेद तो करतो. मात्र मनाचे समाधान करणाऱ्या मोजक्या गुप्तशोधकांत तोच ऑडन फादर ब्राउनची गणना करतो. ख्रिस्ती दृष्टीने रहस्यकथेची दोन टोके येथे दिसतात : एक वाचकाला निर्दोष ठरविणारे, दुसरे त्याला दोषाची ओळख करून देणारे.

चित्रपटांच्या नियमनातही हाच पेच आढळतो. हॉलिवुडच्या १९३० च्या आचारसंहितेच्या रचनेत डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचा मोठा वाटा होता. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूस जाऊ नये, हे तिचे मूलतत्त्व. परंतु तिच्या स्पष्टीकरणात पाप्याविषयीची सहानुभूती आणि पापाविषयीची सहानुभूती यांत भेद केलेला आहे. व्यवहारात मात्र हा सूक्ष्म भेद मागे पडला, आणि अखेरीस गुन्हेगाराला शिक्षा झाली की हिशेब पुरा झाला, असे मानले गेले.

६

परंतु अपराध्याशी नाते, हा निकषही पुरेसा नाही. फादर ब्राउनच्या कथांत खुन्याच्या आत्म्याची चिंता वाहिली जाते. मृत व्यक्ती बहुधा प्रेत म्हणूनच उरते. ऑडनच्या मांडणीतही पीडितासाठी फारशी जागा नाही. आज सत्य घटनांवर आधारित गुन्हेमालिका जगभर पाहिल्या जातात, आणि त्यांतील मृतांचे नातलग हयात असतात. अशा वेळी ही उणीव गंभीर ठरते. खुन्याचे मन समजून घेण्याची इच्छा कितीही नम्र असली, तरी मृताला केवळ निमित्त बनविणारी नम्रता ऑगस्टीनने सांगितलेल्या कुतूहलापासून फार दूर राहत नाही.

यावरील उत्तर परंपरेच्या बाहेर शोधण्याची गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला ही एका दृष्टीने गुन्हेकथाच आहे. वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशाला मारहाण करून अर्धमेला टाकले आहे. लुटारू कोण होते, ते सापडले काय, याविषयी दाखला काहीही सांगत नाही. याजक आणि लेवी त्या माणसाला पाहतात आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातात. एक परका मात्र थांबतो. दोघांनी पाहिले आणि तिसऱ्यानेही पाहिले. फरक पडला तो पाहिल्यानंतर. हिंसक कथेच्या आस्वादाविषयीचा ख्रिस्ती प्रश्न अखेर येथे येऊन पोहोचतो. पाहणे निषिद्ध आहे काय, एवढेच विचारणे अपुरे आहे. पाहून झाल्यावर वाचक रस्त्याच्या कोणत्या कडेला उभा असतो, हे विचारावे लागते.