साडेचार चौकटींचं शेत

नवापूर स्टेशनवर कधी उतरलात का? अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एका बाकावर तर चक्क सीमा रंगवलेली आहे. सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढलाय. पण ही रेघ आली कुठून, हा प्रश्न पडायला मात्र तिशी जवळ यावी लागली.

त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी मी इस्रोच्या डेहराडूनच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचा एक फुकट ऑनलाईन कोर्स केला. संस्था १९६६ची, दूरशिक्षणाचे वर्ग २००७पासूनचे. आठवडाभर दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करायचा आणि शनिवारी नकाशे. म्हटलं, सराव आपल्या गावावरच करू.

पहिला धक्का इथेच. १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात नवापूरजवळची सीमा म्हणून रेघ नाहीच, गावांच्या नावांची यादी आहे! पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली अमुक गावं गुजरातला, बस्स. म्हणजे या भागात गावाची शीव तीच राज्याची सीमा. रेल्वे त्याच्या कितीतरी आधीची, तिला कोण विचारतो?

आणि मोजणी म्हटली की खानदेशी माणूस सावध होतो, त्यालाही इतिहास आहे. १८५२ साली इंग्रजांनी इथे महसुलासाठी जमीन मोजायला घेतली तेव्हा लोक एवढे बिथरले, की दंगा मोडायला लष्कर आणावं लागलं. कारण सरळ होतं. साखळी साहेबाची, वही साहेबाची, आणि सारा भरायचा आपण.

आता साखळीच्या जागी उपग्रह आलाय. वनहक्क कायदा (२००६) म्हणतो, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल तर तिच्यावर त्याचा हक्क. वडिलांच्या ओळखीतले एक काका आहेत, एकरभर शेत. त्यांचा दावा परत आला. का, तर म्हणे उपग्रहाच्या चित्रात तिथे झाडं दिसतात.

"तू शिकलास ना ते? बघ बरं माझं शेत," काका म्हणाले.

बघितलं. लँडसॅटची जुनी चित्रं २००८पासून फुकट खुली झाली. त्यातली एक चौकट ३० मीटर गुणिले ३० मीटर, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. काकांचं अख्खं शेत साडेचार चौकटींत संपलं! शिवाय लँडसॅट ७ मे २००३मध्ये बिघडला, त्यामुळे त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत काळे पट्टे. काकांनी बांधावर आणि शेतात मोहाची झाडं राखलीत. मोह कोण तोडतो? ज्वारी आणि मोह एकाच चौकटीत आले की कॉम्प्युटर सरासरी काढतो आणि "जंगल" म्हणून मोकळा होतो. उलट उन्हाळ्यात सागाची पानं गळाली की खरं जंगल उघडं माळरान दिसतं. भारतीय कार्टोसॅट-१ची चौकट अडीच मीटरची, पण तो सुटला मे २००५मध्ये. म्हणजे कायद्याच्या तारखेआधी जेमतेम सात महिने.

चित्र खोटं नसतं हो, पण ते वाचावं लागतं. कायद्यालाही हे कळतं. २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते चालणार नाही. जुनी पावती, बांध, म्हाताऱ्यांचा जबाब, हे सगळं मोजायचं असतं.

हे काकांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोटो वरून काढला. खालून कोणी बघितलंच नाही."

१८५२ला लोकांनी दंगा केला, कारण साहेबाची वही वाचता येत नव्हती. आज ती वही फुकट उघडी आहे, वाचायला शिकवणारेही आहेत. फक्त शिकणारे पुण्यातच बसून चालणार नाही, मी धरून. काकांची मुलगी यंदा बारावीला आहे. आयटीआयत सर्व्हेअरचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, जीपीएससकट, हे तिला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी नवापूरला चाललोय. मोबाईल घेऊन आम्ही दोघं तिच्या बापाच्या बांधावरून चालणार आहोत, आणि मोहाची झाडं एकेक करून नकाशावर टिपणार आहोत.