घाटाखालचा कॅमेरा

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी सोडली की घाटाकडे पाठ करते. केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली, एवढाच तिचा पल्ला. आज ही आडबाजूची फाट्याची लाइन वाटते, पण १८५६ च्या मे महिन्यात मुंबईहून निघालेली आगगाडी खोपोलीलाच येऊन थांबत होती. पुढे डोंगर उभा. १४ जून १८५८ ला वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला चढ पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीतच काढावा लागे. हा चढ रुळांनी जिंकायचं काम बोरघाटात सुरू झालं आणि त्या कामामागोमाग आमच्या मुलखात कॅमेरा आला.

मी खालापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर फोटोग्राफी शिकायला घेतली. नोकरी, घर, मुलांची शिक्षणं यांत मागे पडलेली ही एकच इच्छा होती आणि ती पुरी करायचीच, असं ठरवून टाकलं होतं. शिकताना एक प्रश्न सतत मनात येई: आपल्याआधी ही कला इथल्या माणसांनी हौसेनं कशी आत्मसात केली असेल? उत्तर शोधत मागे गेले आणि घाटाचा इतिहास मला नव्यानं दिसू लागला.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिचंद चिंतामण यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले छायाचित्रकार याच काळात तयार झाले. पण मला जवळचे वाटतात ते डॉ. नारायण दाजी, भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. व्यवसायानं ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर, आणि आवडीनं फोटोग्राफर. रोगी तपासून झाल्यावर काचा, आम्लं आणि चांदीची द्रावणं हाताळणारा हा माणूस सोसायटीचा सभासद होता. त्या दिवसांत फोटो काढणं म्हणजे निम्मं रसायनशास्त्रच. आपल्याकडे या कलेचा पाया घालणाऱ्यांत पोटापाण्याचा धंदा वेगळा असलेली अशी माणसंही होती, याचं मला फार अप्रूप आहे.

तेव्हा फोटो काढणं किती कष्टाचं होतं, हे एकदा नीट पाहायला हवं. काच घासून लख्ख करायची. तिच्यावर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतून, काच तिरकी करत करत, ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवायचं. अंधारात काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची. फोटो घेतला की लगेच तंबूत शिरून ती धुवायची. काच वाळली की सगळं फुकट. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते वाऱ्यासरशी उडून जातं. एप्रिल-मे महिन्यात पळसदरीच्या कातळावर दुपारी उभं राहून बघा, म्हणजे तिथे ओली काच ओली ठेवणं काय प्रकार असेल ते कळेल. पावसाळ्यात तर घाटात सहा सहा दिवस धुकं हटत नाही. बारा महिन्यांतले कामाचे महिने मोजकेच. कॅमेरा, काचा, बाटल्या, तंबू आणि धुण्याचं पाणी हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावरून चढायचं.

या घाटाची जुनी छायाचित्रं आज पाहायला मिळतात. पूल, बोगद्यांची तोंडं, खंडाळ्याजवळचं ते रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी उलट दिशेला वळून पुढचा चढ घेई आणि जे १९२९ मध्ये बंद झालं. सोळा मैलांच्या आत १८३१ फुटांचा चढ, पंचवीस बोगदे. या कामाचा मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कले. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला आणि त्यानंतर तो बाजूला झाला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. दोन अनुभवी इंजिनीअर नेमून तिनं काम तडीला नेलं. परक्या देशात नवरा गेलेला असताना एवढा डोंगर अंगावर घेणाऱ्या त्या बाईचं नाव आमच्या शाळांत मुलांना सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला, तेव्हा बर्कलेही हयात नव्हता.

ही सगळी नावं टिकली. पण १८६१ च्या सुरुवातीला या घाटात एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसं राबत होती, आणि पटकी, ताप, सुरुंग यांनी त्यांतली हजारो मेली. त्यांचं काय? जुन्या चित्रांत माणूस दिसतो तो बहुधा कमानीची उंची कळावी म्हणून उभा केलेला. त्या काचेला काही सेकंद तरी उजेड लागे, तेवढा वेळ हललं की चेहरा पुसट व्हायचा. काम करणारा माणूस हलणारच. म्हणून ज्यांनी घाट फोडला त्यांच्यापैकी फारच थोड्यांचा चेहरा उरला आणि नाव तर कुणाचंच नाही. त्यांत या मातीतली माणसं असणार, दूर देशावरून आलेलीही असणार. मला ही गोष्ट अजून सहन होत नाही.

घाट झाल्यावर पन्नास वर्षांच्या आत वरच्या टोकाला एक वेगळाच विद्यार्थी येऊन राहिला. धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, साचेकाम जे दिसेल ते शिकलेला माणूस. गोध्र्याला स्टुडिओ घातला तो प्लेगनं उठवला. त्यात पहिली बायको आणि मूलही गेलं. बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर फोटोनं माणसाची शक्ती जाते या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. पुढे राजा रविवर्म्यांच्या मळवलीच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं आणि लोणावळ्यात स्वतःचा छापखाना उभा केला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कित्येकदा ते कर्जतच्या फलाटावरून गेले असणार. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि सगळ्यात आधी घरातल्या कुंडीतल्या रोपाचं वाढणं टिपलं. त्यांची दुसरी बायको सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत. पोळ्या लाटणाऱ्या हातांनी हे तंत्र शिकून घेतलं, ही गोष्ट मी बायकांच्या दर कार्यक्रमात सांगते.

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू केली आणि हवापालटाला येणाऱ्यांबरोबर हातातले कॅमेरेही वर जाऊ लागले. आमच्यासारख्यांच्या हाती मात्र कॅमेरा यायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. तो म्हणजे आगफाचा क्लिक थ्री. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. मामांकडे तो होता. लग्नामुंजीत ते बाराच्या बारा फोटो कुणाकुणाचे काढायचे याची घरात आधी बैठक व्हायची. रोल धुवायला कल्याणला जायचा आणि आठवडाभर सगळ्यांचं लक्ष मामांच्या गाडीकडे. आमची आजी मात्र कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढी. फोटो काढला की आयुष्य तुटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा एकही फोटो घरात नाही.

शिकताना मला पहिला धडा पावसानं दिला. कर्जत-खालापूरच्या दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून इथले जुने फोटोग्राफर कपाटात छोटा बल्ब चालू ठेवत. मीही तेच करते. दुसरा धडा उजेडाचा. आवणीच्या दिवसांत आभाळ पांढरं फटक असतं. कॅमेरा त्या आभाळाचा उजेड धरतो आणि चिखलात वाकलेल्या बाईचा सावळा चेहरा काळा ठिक्कर पडतो. उजेड चेहऱ्यावरून मोजायचा, आभाळ जळालं तरी चालेल. हे एकदा कळल्यावर ठाकरवाडीतल्या बायकांचे डोळे, नाकातली चमकी, कपाळावरचं गोंदण सगळं फोटोत येऊ लागलं.

कोंढाण्याच्या लेण्यांशी मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले ती कोंडिवड्याच्या वाटेनं, राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून. चैत्याच्या तोंडाशी, डाव्या अंगाला, भग्न मूर्तीचं डोकं उरलं आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर. त्यानं आपलं नाव लिहिलं, त्याआधी गुरूचं लिहिलं. त्याच डोंगररांगेत पुढे बोगदे पाडणाऱ्या बेचाळीस हजारांतल्या एकाचंही नाव आपल्याकडे नाही.

तेव्हापासून मी वही बाळगते. ज्याचा फोटो काढेन त्याचं नाव, बापाचं आणि आईचं नाव, वाडी, काम आणि तारीख त्याच्यासमोर लिहून घेते, आणि फोटोच्या मागे तेच उतरवून त्याची एक प्रत त्यालाच देते. शहरातून शनिवार-रविवारी येणारे तरुण धबधब्याचे सुंदर फोटो काढतात, मला ते आवडतातही. पण मला घाई नाही, मी ओसरीवर तासभर बसू शकते. वाड्यांतले बरेच जण माझे जुने विद्यार्थीच. “बाई, माझा राहू द्या, म्हातारीचा काढा,” म्हणतात आणि आतून आईला हाताला धरून आणतात. म्हातारीला स्वतःचं माहेरचं नाव उच्चारायला कुणी सांगितलेलंच नसतं कित्येक वर्षांत. ती आधी लाजते, मग स्पष्ट सांगते.

सध्या माझं लक्ष घाटातल्या हिल गँगकडे आहे. पावसाळ्याआधी दोर बांधून कड्यावर उतरायचं आणि सुटलेले दगड पहारीनं पाडायचे, हे त्यांचं काम. रुळावर जाऊन फोटो काढायला परवानगी लागते, तिचा अर्ज दिला आहे. तोवर त्यांना सुट्टीच्या दिवशी घरीच गाठते. अंगणात खुर्ची मांडली की बायको, पोरं, शेजारचा चुलता अशी सगळीच मागे येऊन उभी राहतात, आणि मी प्रत्येकाचं नाव विचारून घेते.