एका यादीचे स्तर : पहिला गेमिंग संगणक आणि साधनचिकित्सा

(धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.)

गेल्या महिन्यात अकोल्याहून मामेभावाने मला एक यादी पाठवली. खाली एकच ओळ : "ताई, एवढं घेऊ ना?" दोन वर्षे शिकवण्या घेऊन त्याने ८०,००० रुपये साठवले आहेत. त्यातून त्याला आयुष्यातला पहिला संगणक स्वतः जुळवायचा आहे. त्यावर खेळायचे आहे, आणि खेळता खेळता मराठीत समालोचन करून ते थेट प्रक्षेपितही करायचे आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी, संगणकाच्या बाजारातली जाणकार नव्हे. परंतु ती यादी वाचताना मला बखर वाचतानाचा अनुभव आला. हा मजकूर एका हातचा नाही आणि एका काळाचाही नाही, हे उघड दिसत होते.

यादी अशी होती : १२ कोअरचा प्रोसेसर, "कारण स्ट्रीमिंगला कोअर लागतात". मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा, रॅम मात्र डीडीआर४. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी, कारण पैसे प्रोसेसरवरच संपले होते. वेगळे साउंड कार्ड. कॅप्चर कार्ड. आणि अगदी तळाशी, "एसएमपीएस ८०० वॅट, लोकल".

यांतली एकही ओळ मूर्खपणाची नाही. प्रत्येक ओळ कोणत्या तरी वर्षी शहाणपणाचीच होती. अडचण एवढीच की ती वर्षे वेगवेगळी होती. भावाने निरनिराळ्या काळचे व्हिडिओ पाहिले आणि त्यांतले सल्ले एकत्र शिवले. साधनचिकित्सेचा पहिला प्रश्न, म्हणजे हे साधन कोणत्या काळचे, तो त्याला कोणी शिकवलेलाच नव्हता.

यादीकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. कारण अशी यादी करता येते, हीच मुळात इतिहासातली एक अनपेक्षित घटना आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर', मॉडेल ५१५०, जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या तुकडीने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. एवढ्या घाईत सर्व काही घरी घडवणे अशक्य होते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, विस्तारासाठी बोर्डावर पाच खाचा ठेवल्या आणि त्यांत इतरांनी कार्डे बनवून घालावीत म्हणून तांत्रिक संदर्भग्रंथात सर्किटच्या आकृत्याही छापल्या. त्यामागे औदार्य नव्हते, निकड होती. प्रोसेसरचा पुरवठा एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये हा आयबीएमचा आग्रह. त्यातूनच १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि इंटेलच्या रचनेचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. आज दुकानात "इंटेल की एएमडी?" असे विचारले जाते, त्या प्रश्नाचे वय तेवढे आहे.

आयबीएमच्या हाती एकच किल्ली उरली होती : बायोस. यंत्र सुरू होताच प्रथम चालणारा हा छोटासा प्रोग्रॅम. त्याची संपूर्ण संहिता संदर्भग्रंथात छापलेली होती, पण स्वामित्वहक्कासह. वाचता येई, उतरवून घेता येत नसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्पॅक कंपनीने यावर जो मार्ग काढला तो मला कायद्याच्या इतिहासातला एक देखणा डाव वाटतो. एका गटाने मूळ बायोस वाचून तो काय करतो याचे फक्त वर्णन लिहिले. मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. वर्तन तेच, शब्द निराळे. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायोस तयार करून कोणालाही विकायला ठेवला, आणि मग धरणाचे दार उघडले ते उघडलेच.

ते पुन्हा बंद करण्याचा प्रयत्न झाला. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही मालिका आणली. तिच्यातील 'मायक्रो चॅनल' ही नवी जोडणी तांत्रिकदृष्ट्या सरस होती, पण ती वापरायची तर परवाना घ्यावा लागे आणि आयबीएमला शुल्क द्यावे लागे. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुन्या कार्डांशी जुळणारी पर्यायी जोडणी जाहीर केली. मायक्रो चॅनल मागे पडली. पीएस/२ या नावाचा अवशेष म्हणून कीबोर्ड-माउसचे गोल छिद्र तेवढे मदरबोर्डांच्या पाठीवर पुढे कित्येक वर्षे टिकले. हा सामना उलट लागला असता तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मांडून बसलेल्या दुकानांना विकायला फारसे काही उरले नसते, आणि भावाच्या यादीत एकच ओळ असती : कंपनीचे नाव.

आता ती यादी तळापासून वर वाचू.

"एसएमपीएस ८०० वॅट, लोकल." १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले. मदरबोर्डाची मापे, स्क्रूच्या जागा, वीजपुरवठ्याचा आकार हे सारे त्यात ठरले, आणि त्याची चौकट आजही चालू आहे. मात्र आकार तोच राहिला तरी आतील अर्थ बदलला. त्या काळच्या यंत्रात मोठा भार ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवर असे. २००० नंतर प्रोसेसर १२ व्होल्टवर आला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सर्व वीज तिथूनच घेतात. त्यामुळे डब्यावरचा मोठा आकडा वाचून भागत नाही. बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचे आणि त्याला १२ ने गुणायचे. दुकानातल्या त्या 'लोकल' नगाच्या पट्टीचे छायाचित्र भावाने पाठवले. गुणाकार ३०० वॅटच्याही खालीच राहिला. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा नग या ८०० वॅटपेक्षा पुष्कळ मोठा असतो.

मदरबोर्ड आणि रॅम यांची विसंगती सरळ आहे. एएम५ हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि ते केवळ डीडीआर५ स्वीकारते. डीडीआर४ च्या पट्टीलाही २८८ च पिना असतात, पण खाच निराळ्या जागी असल्याने ती बसतच नाही. एएम४ च्या सुवर्णकाळातला सल्ला नव्या बोर्डाशेजारी येऊन बसला होता. शुद्ध प्रक्षेप! साउंड कार्ड त्याहून जुने. साउंड ब्लास्टर १९८९ चे, आणि १९९७ च्या एसी'९७ प्रमाणानंतर ध्वनी हळूहळू मदरबोर्डातच सामावला. त्या पैशात चांगला मायक्रोफोन येतो, आणि समालोचकाला गरज त्याचीच आहे.

उरले प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि कॅप्चर कार्ड. या तीन ओळींत खरी रक्कम अडकली होती, म्हणून इथे थोडे थांबते.

थेट प्रक्षेपण म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहा. १९२० × १०८० ठिपक्यांचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला अशी ६० चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट. ट्विचवर पाठवताना मात्र साधारण ६० लाख बिटांची मर्यादा पाळली जाते. खेळ चालू असतानाच, प्रत्येक क्षणी, पाचशेतले चारशे नव्व्याण्णव भाग टाकून द्यायचे आणि तरी चित्र ओळखू यायला हवे. हे काम एन्कोडर करतो.

ट्विच जून २०११ मध्ये सुरू झाले, आणि २०१२ मध्ये ओबीएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर आले. त्या काळी हे संकोचन एक्स२६४ या एन्कोडरकडून, म्हणजे प्रोसेसरच्या बळावर, करून घेत. घरगुती प्रोसेसर तेव्हा चार कोअरपाशी थांबलेले होते. खेळ आणि एन्कोडर एकाच ताटात जेवायला बसत आणि दोघेही उपाशी उठत. म्हणून हौशी मंडळी दोन संगणक ठेवत : एक खेळायला, दुसरा प्रक्षेपणाला, मध्ये कॅप्चर कार्ड. भावाच्या यादीतले कॅप्चर कार्ड या थरातले आहे. दुसरा संगणक किंवा प्लेस्टेशनसारखे कन्सोल नसेल तर ते निरुपयोगी.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला. आठ कोअर एकदम मध्यमवर्गीय आवाक्यात आले आणि "स्ट्रीमिंगला कोअर लागतात" हे वाक्य रूढ झाले. वाक्य खरे होते, पण त्याचे आयुष्य फार तर दीड वर्षाचे. ग्राफिक्स कार्डात एन्कोडरचा स्वतंत्र तुकडा बसवण्याचे काम एनव्हिडियाने २०१२ पासूनच सुरू केले होते. आरंभी त्याचे चित्र धूसर येई. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या ट्युरिंग पिढीत तो एवढा सुधारला की प्रोसेसरला घाम फोडून मिळणाऱ्या चित्राशी बरोबरी करू लागला, आणि तेही खेळावर फारसा भार न टाकता. प्रक्षेपणाचे ओझे प्रोसेसरवरून उतरले. सल्ला मात्र व्हिडिओंतून फिरत राहिला.

पिढीचे नावही डोळे मिटून घेऊ नये. एप्रिल २०१९ चे जीटीएक्स १६५० ट्युरिंगचेच होते, पण त्यात एन्कोडर आदल्या पिढीचा बसवलेला होता. आणि भावाने निवडलेले आरएक्स ६५०० एक्सटी? जानेवारी २०२२ च्या त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. प्रक्षेपणासाठी जमवलेल्या यंत्रात नेमके एन्कोडर नसलेले कार्ड त्याने शोधून काढले होते, आणि त्याची भरपाई करायला १२ कोअर मांडले होते. चुकांची अशी परस्परपूरकता मी फक्त बनावट सनदांत पाहिली आहे.

आम्ही मिळून यादी उलटवली. प्रोसेसर सहा कोअरचा. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात, आणि घेण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलचा एन्कोडर तपासून. इंटेलचा प्रोसेसर घेतलाच असता तर नावापुढच्या 'एफ' अक्षराकडेही लक्ष द्यावे लागले असते, कारण त्या नगात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि तिच्याबरोबर इंटेलचा एन्कोडरही जातो. डीडीआर५ ची १६ जीबी रॅम, दोन पट्ट्यांत. एसएसडी. वाय-फायऐवजी राउटरपर्यंत लॅनची केबल.

दोन गोष्टी परदेशी याद्यांत क्वचितच सापडतात, त्या आम्ही वाढवल्या. एक यूपीएस. दुसरी, पुढून जाळी असलेले, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट. कार्डांच्या चाचण्या थंड खोलीत होतात, आणि मे महिन्यातल्या अकोल्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. काचेची पुढची बाजू आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट त्याला फार आवडले होते. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

सुटे भाग या आठवड्यात येतील. प्रत्येकाचे बिल आणि हमीपत्र वेगळे ठेव, एवढे मी बजावले आहे. कॅप्चर कार्डाची ओळ त्याने अजून खोडलेली नाही. तिच्यापुढे कंसात "नंतर" असे लिहून ठेवले आहे.