घरे आधी, शहर नंतर : वसई-विरार उपनगराची वाढ आणि नागरी सुविधांची उणीव – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

भारतातील नागरीकरणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने राजधानीची शहरे, बंदरे, तीर्थक्षेत्रे आणि औद्योगिक केंद्रे यांच्याकडे गेलेले आहे. महानगराच्या कडेला वाढणाऱ्या उपनगराला मात्र स्वतंत्र इतिहास असतो, ही जाणीव आपल्याकडे अजूनही पुरेशी रुजलेली नाही. उपनगर म्हणजे मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे राहण्याचे ठिकाण, एवढ्यावर त्याची ओळख संपते. तेथे पाणी नाही, रस्ते नाहीत, वाचनालय नाही, चार पाहुणे आले तर निवांत बसून जेवता येईल असे उपाहारगृह नाही, ही तक्रार गेली तीन-चार दशके ऐकू येत आहे. या तक्रारीकडे प्रशासनाचा ढिसाळपणा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. सुविधांची ही उणीव एका विशिष्ट ऐतिहासिक क्रमातून निर्माण झाली आहे, हे वसई-विरार परिसराच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्राचीन वारसा आणि बागायती वसई :

वसई-विरार हा परिसर इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन अपरान्तातील शूर्पारक हे बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथे उपलब्ध झाला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२ च्या वसईच्या तहाने मराठी सत्तेच्या अस्ताची सुरुवात केली. पाठ्यपुस्तकांतील वसई बहुधा येथेच थांबते.

यानंतरची वसई ही बागायतीची वसई होय. किल्ल्यापासून उत्तरेकडे समुद्राला समांतर पसरलेल्या पश्चिम पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी आदी समाजांनी विहिरींच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकविला. वसईची सुकेळी आणि पाने दूरवर प्रसिद्ध होती. खाडीलगत मिठागरे होती. या अर्थव्यवस्थेचा पाया गोड्या पाण्याच्या उथळ विहिरी हा होता. समुद्र जवळ असल्याने भूगर्भातील गोडे पाणी आणि खारे पाणी यांचा तोल नाजूक होता. तो तोल पिढ्यान्‌पिढ्या मर्यादित उपशामुळे टिकून राहिला.

रेल्वे आणि उपनगराची पूर्वतयारी :

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. म्हणजे विरार हे उपनगरी गाडीचे स्थानक म्हणून दीडशेहून अधिक वर्षे जुने आहे. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. तरीही त्यानंतरची जवळजवळ चाळीस-पन्नास वर्षे वसई-विरार उपनगर झाले नाही. गाडीने मुंबईकडे माणसांपेक्षा भाजी, फुले, पाने आणि दूध अधिक गेले. रेल्वे आली की उपनगर आपोआप वाढते, हे प्रचलित गृहीतक येथे लागू पडत नाही, ही बाब विशेष नोंद घेण्यासारखी आहे.

वाढीला चालना मिळाली ती मुंबईतील घटनांमुळे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे हळूहळू थांबले. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने सदनिका विकण्याच्या व्यवहाराला कायदेशीर चौकट दिली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू जमीन गरिबांना उपलब्ध करून देणे हा असला तरी मुंबईत मोकळ्या जमिनीची टंचाई त्याने वाढविली, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबांना चाळीतील खोली सोडून दूरचे ठिकाण शोधावे लागले. भाड्याच्या खोलीत वाढलेल्या पिढीला स्वतःच्या मालकीचे एका खोली-स्वयंपाकघराचे घर हवे होते. ते परवडेल अशी जागा भाईंदरच्या खाडीपलीकडे होती.

१९८८ आणि त्यानंतर :

१९८८ मध्ये राज्य शासनाने वसई-विरार पट्ट्यातील हरित क्षेत्राचा मोठा भाग बांधकामासाठी खुला करण्याचा निर्णय घेतला. १९९० मध्ये सिडकोची या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. येथे नवी मुंबईशी तुलना करणे उद्बोधक ठरते. नवी मुंबईत १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आधी शेतकऱ्यांची जमीन संपादित केली, मग नोड आखले, रस्ते व जलवाहिन्या टाकल्या आणि त्यानंतर भूखंड विकले. या प्रक्रियेत शेतकऱ्यांवर अन्याय झाला, ही गोष्ट १९८४ च्या जासई आंदोलनाने देशापुढे आणली. वसई-विरारमध्ये सिडकोकडे नियोजनाचा अधिकार होता. परंतु जमीन नव्हती. जमीन खाजगी मालकीची राहिली आणि ती शेतकऱ्याकडून थेट विकासकाकडे गेली. नियोजनकर्त्याने नकाशावर आरक्षणे दाखवायची आणि इमारती त्याआधीच उभ्या राहायच्या, असा क्रम पडला. या क्षेत्राच्या विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मिळाली ती २००७ मध्ये. म्हणजे क्षेत्र खुले केल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी.

या काळात लोकसंख्या थांबून राहिली नाही. २००१ च्या जनगणनेत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ४ लाख ७० हजार होती. या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेलेली दिसते. दोन्ही आकड्यांचे क्षेत्र एकच नसल्याने त्यांची सरळ तुलना करता येणार नाही. तथापि वाढीची गती लक्षात येण्यास ते पुरेसे आहेत.

पाण्याचा प्रश्न :

या क्रमाचा पहिला फटका पाण्याला बसला. नव्या इमारतींना नळजोडणी नव्हती. त्यामुळे टँकर आले. टँकर भरले जात होते ते पश्चिम पट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांतून. ज्या पाण्यावर केळी आणि पानवेली पिकत होत्या, तेच पाणी स्थानकाच्या पूर्वेकडील इमारतींच्या टाक्यांत जाऊ लागले. उपसा वाढला तसे विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. ते केवळ निसर्गप्रेमाचे आंदोलन नव्हते; ते उपजीविकेचे आंदोलन होते.

परंतु या संघर्षाला दुसरी बाजूही आहे. इमारतीत राहणारा नवा रहिवासी हाही सुस्थितीतील नव्हता. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घरात त्याला पाणी विकत घ्यावे लागत होते. बागायतदार आणि सदनिकाधारक हे दोघेही एकाच नियोजनशून्यतेचे बळी असताना एकमेकांचे प्रतिपक्ष ठरले. पुढे सूर्या प्रकल्पाचे पाणी आले. हा प्रकल्प मुळात सिंचनासाठी होता. त्याचे पाणी शहरांकडे वळविण्यास डहाणू-पालघर भागातील शेतकरी आणि आदिवासींनी विरोध केला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारसाठी दररोज १८५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद असून २०२३ पासून हे पाणी येऊ लागले. क्षेत्र खुले झाल्यापासून येथवर पस्तीस वर्षे लोटली. एका उपनगराची तहान भागविताना ती टंचाई पुढच्या गावाकडे ढकलली गेली, असेच या इतिहासाचे सार आहे.

दिवसा रिकामे होणारे शहर :

पाणी आणि रस्ते यांची चर्चा निदान होते. उपाहारगृह, बाग, नाट्यगृह, वाचनालय यांची उणीव मात्र चैनीची बाब समजली जाते. इतिहासदृष्ट्या ती तशी नाही. मुंबईतील खाणावळी गिरणगावात वाढल्या, कारण एकट्या राहणाऱ्या कामगाराला जेवण हवे होते. इराण्यांची हॉटेले गजबजलेल्या चौकांत उभी राहिली. माटुंग्यात १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी उडुपी पद्धतीची खाणावळ सुरू केली ती दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्यांच्या वस्तीत. याचा अर्थ असा की, जेथे माणसे दिवसा वावरतात तेथे उपाहारगृह येते. वसई-विरारमधील कमावता माणूस पहाटे निघतो आणि रात्री परततो. त्याचे दुपारचे जेवण, चहा, मित्रांशी गप्पा हे सारे मुंबईत होते. तो घरून डबा नेतो. म्हणजे अन्न उपनगरात शिजते आणि खाल्ले जाते शहरात. त्याच्या खर्चाचा लाभ एका ठिकाणाला आणि त्याच्या निवासाचा भार दुसऱ्या ठिकाणाला, अशी ही विभागणी आहे.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर कोणती दुकाने प्रथम येतात, हे पाहिले तरी हे स्पष्ट होते. जमीन-घरांचे दलाल, किराणा, औषधे आणि दूध यांची दुकाने लवकर येतात. बसून जेवण्याच्या जागेला भरपूर पाणी, सांडपाण्याची सोय आणि दुपारचे गिऱ्हाईक लागते; तिन्ही गोष्टी नसल्याने ती उशिरा येते. तिच्याऐवजी स्थानकाबाहेर वडापावच्या गाड्या आणि पोळी-भाजी केंद्रे उभी राहतात. पोळी-भाजी केंद्राचा संबंध थेट स्त्रियांच्या प्रवासाशी आहे. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढील वर्षी विरारपर्यंत नेण्यात आली, यावरून दूरच्या उपनगरातून नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण किती वाढले होते, याची कल्पना येते. रात्री आठ वाजता गाडीतून उतरणाऱ्या स्त्रीसाठी तयार पोळ्या ही चैन नव्हे. जी सुविधा नियोजनाने दिली नाही ती येथे दुसऱ्या स्त्रियांच्या श्रमाने भरून काढली.

सुविधा नसण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. कमावता माणूस मुंबईतील सोयी वापरतो. दिवसभर उपनगरात राहतात ती मुले, वृद्ध आणि घरातील स्त्रिया. संध्याकाळी बसायला जागा नसणे ही उणीव मुख्यतः त्यांची आहे आणि म्हणूनच ती मतदानाच्या जाहीरनाम्यात फारशी दिसत नाही.

स्थानिक स्वराज्याचा उशीर :

महानगरपालिका होण्यास गावांचा विरोध झाला, तोही याच अनुभवातून. कर वाढेल, पण सुविधा येणार नाहीत, शिवाय ग्रामपंचायतीचा हक्क जाईल, ही भीती गावकऱ्यांना होती. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकात रुळांवर पाणी साचून उपनगरी वाहतूक ठप्प झाली, मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली. खाडीकडे जाणारे नैसर्गिक मार्ग आणि पाणी धरून ठेवणारी सखल जमीन यांवर भराव झाल्यावर पावसाचे पाणी घरांतच शिरणार, हे यातून पुन्हा दिसून आले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, वसई-विरारमधील सुविधांची उणीव ही वाढीच्या वेगामुळे नव्हे, तर वाढीच्या क्रमामुळे निर्माण झाली. घरे आधी, आराखडा नंतर आणि उत्तरदायी स्थानिक संस्था सर्वांत शेवटी, असा हा क्रम होता. दोन, उपनगराच्या सुविधांचा भार त्याच्या शेजारच्या गावांनी आणि घरातील स्त्रियांनी वाहिला. तीन, दिवसा काम देणारे उद्योग-व्यवसाय स्थानिक पातळीवर वाढल्याखेरीज केवळ अनुदानाने उपनगराला शहरपण येणार नाही.

शेवटी, एक बाब विशेषतः महाविद्यालयीन अध्यापकांच्या विचारार्थ मांडावीशी वाटते. या इतिहासाची साधने अभिलेखागारात नाहीत. ती गृहनिर्माण संस्थांच्या इतिवृत्तांत, टँकरच्या पावत्यांत, ग्रामपंचायतींच्या ठरावांत आणि पहिल्या पिढीतील रहिवाशांच्या स्मरणात आहेत. जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात असताना त्यांच्या कपाटांतील कागद रद्दीत जात आहेत आणि ती पिढीही थकली आहे. आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी याच इमारतींतून येतात. त्यांना शूर्पारकाचा स्तूप दाखवावा हे योग्यच. पण आपल्या इमारतीत नळाला पहिल्यांदा पाणी कधी आले, हेही त्यांनी घरी विचारून लिहून आणावे. हे काम पदवीस्तरावरील प्रकल्पांतून सहज होऊ शकते आणि ते येत्या काही वर्षांतच व्हायला हवे.