घोड्याच्या मूत्रपिंडापासून कौडीकसापर्यंत : एका प्रथिनाची कुळकथा

भिलाईच्या नैर्ऋत्येस, गडचिरोलीच्या सीमेकडे पसरलेल्या अंबागड चौकीच्या परिसरात दोन घातक मूलद्रव्ये एकाच खडकाळ पट्ट्यात सापडतात. कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक, म्हणजे जुन्या वैद्यकातील सोमल, असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तर त्याच पट्ट्यात बोदल येथे युरेनियमचा साठा आहे. एक रासायनिक विष आणि दुसरे किरणोत्सारी द्रव्य असूनही, पेशीला या दोन्ही प्रकारच्या संकटांपासून वाचवणारे म्हणून एकाच प्रथिनाचे नाव घेतले जाते, ते म्हणजे मेटॅलोथायोनिन. ही दोन कामे एका प्रथिनाकडे कशी आली, हा त्याच्या कुळकथेतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे.

शोधाचा इतिहास थोडक्यात असा : सजीवांमध्ये कॅडमियमचे काही काम असते काय, याचा मागोवा घेताना मार्गोशेस आणि व्हॅली यांना १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडाच्या बाह्यस्तरात कॅडमियम बाळगणारे प्रथिन आढळले आणि १९६० मध्ये केगी व व्हॅली यांनी, त्यातील धातू व गंधक यांचे प्रमाण असाधारण असल्यामुळे, त्याला आजचे नाव दिले. सस्तन प्राण्यांतील या प्रथिनाच्या साखळीत साधारण साठ अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी वीस सिस्टीन, म्हणजे गंधकयुक्त अमिनो आम्ल, असतात. या वीस गंधक-अणूंच्या आधारे जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू दोन गटांत धरून ठेवले जातात.

कॅडमियमच्या शोधात सापडलेले प्रथिन कॅडमियमसाठीच असणार, हा तर्क सोपा असला तरी तो टिकत नाही. कॅडमियम हा जस्ताचा रासायनिक भाऊबंद असून स्ट्रोमायरने १८१७ मध्ये तो जस्ताच्याच संयुगातून शोधला होता. चाऱ्यावाटे घोड्याच्या शरीरात गेलेला हा धातू मूत्रपिंडात साठत जातो आणि तेथे जस्ताची जागा बळकावतो. याचा सर्वांत बोलका पुरावा त्या प्रथिनाच्या निर्मितीतच आहे. कॅडमियम शिरला की जस्त मोकळे होते, ते जस्त एमटीएफ-१ या नियंत्रक प्रथिनाला जाऊन चिकटते आणि मेटॅलोथायोनिनचे जनुक कार्यान्वित होते. विषाची वर्दी जस्ताच्या मार्गाने पोचत असेल, तर ही यंत्रणा मुळात जस्ताच्या हिशेबासाठी उभी राहिली आणि विषनिवारण हे तिला पुढे लाभलेले काम, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. हेच जनुक-नियंत्रण १९८२ मध्ये वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाला जोडून प्रयोगशाळेत आकाराने अवाढव्य उंदीर घडवण्यात आले, हा उसनवारीचा एक विलक्षण नमुना होय.

विरुद्ध पक्षाचे हत्यारही कमी धारदार नाही. १९९३-९४ च्या सुमारास या प्रथिनाचे दोन प्रमुख प्रकार नसलेले उंदीर तयार करण्यात आले; ते वाढले, त्यांची वीणही झाली, पण कॅडमियमपुढे ते सहज बळी पडू लागले. यावरून विषनिवारण हेच मूळ काम असे म्हणावे, तर जस्ताचा तुटवडा आणि जस्ताचा अतिरेक हे दोन्हीही अशा उंदरांना अधिक बाधतात, हे विसरून चालत नाही.

किरणोत्साराचा मुद्दा याहून नाजूक आहे. किरणांनी पेशीतील पाणी फुटले की हायड्रॉक्सिल हा अतिशय आक्रमक मुक्त मूलक तयार होतो आणि तो गुणसूत्रांना इजा करतो. मेटॅलोथायोनिनचे गंधक-अणू हा मूलक स्वतःवर झेलतात, असे थॉर्नली व वाशाक यांनी १९८५ मध्ये परीक्षानळीत दाखवले. मात्र हे सर्वत्र लागू पडत नाही : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांना २०१८ मध्ये अ‍ॅनाबीना या नीलहरित जीवाणूचे मेटॅलोथायोनिन कॅडमियमपासून वाचवते, पण ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून वाचवत नाही, असे आढळले. म्हणजे धातू धरण्याचा गुण कुळाचा आहे, तर मूलक झेलण्याचा गुण काही शाखांपुरताच दिसतो.

आर्सेनिकच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. त्याचा एकेक अणू तीन गंधक-अणूंना धरतो, त्यामुळे मानवी मेटॅलोथायोनिनला सहा आर्सेनिक-अणू बांधता येतात, आणि हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या यकृत-मूत्रपिंडांना आर्सेनिकची इजा अधिक होते. तरीही रोज त्याच पाण्यातून येणाऱ्या विषापुढे या संरक्षणाला मर्यादा आहे. म्हणून कौडीकसासारख्या गावांत खरा उपाय आर्सेनिकमुक्त पिण्याचे पाणी हाच आहे.