चान्या: उन्हात टिकवलेल्या मांसाची कुळकथा

मे महिना उतरणीला लागला की अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या ढिगांपुढे गर्दी वाढते. घाटघर, रतनवाडी, साम्रद या अंगाला पाऊस एकदा लागला की लागला. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ती हीच गावं. त्याआधी मीठमिरची, कांदे आणि सुकट-बोंबलाची बेगमी घरात पडलेली बरी. हा बोंबील वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून वाळलेला असतो. बोंबलात पाणीच फार. ते उडालं की मागे राहतो काटकुळा, खडखडीत, महिनोन्‌महिने टिकणारा मासा. घाट चढून तो राजूरला येतो, उघड्यावर मांडला जातो, हातात घेऊन वाकवून पाहिला जातो, भावावरून घासाघीस होते. त्याच्या वासाला कुणी नाक मुरडलं तरी विकत घ्यायला कुणी लाजत नाही.

तेच ऊन, तेच मीठ आणि तोच हिशेब वापरून याच मुलखात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, आणखी एक वस्तू शतकानुशतकं तयार होत होती. ती अशी बाजारात मांडली गेली नाही. तिचं नाव चान्या. जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात वाळवून ठेवलेल्या. गावाबाहेरच्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात प्रत्येक घराला ती येत होती, आणि गावाला ती माहीत असूनही गावानं तिचं नाव घेतलं नाही.

चान्या करणं हे हाताचं काम. मांसाचा लठ्ठ तुकडा समोर घ्यायचा, सुरी आडवी घालायची आणि पार टोकापर्यंत न्यायची, पण टोक तोडायचं नाही. तुकडा उलटायचा, पुन्हा त्याच जाडीनं सुरी फिरवायची, पुन्हा टोक राखायचं. घडी घातलेलं लुगडं उलगडत जावं तसा तो तुकडा लांबत जातो. पट्टी जाड राहिली तर बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, मग आतूनच कुजते. फार पातळ झाली तर दोरीवरच तुटते. चरबी शक्य तितकी काढून टाकायची, कारण मांस वाळतं, चरबी वाळत नाही. ती खवट होते आणि सोबतच्या मांसालाही खवट करते. काढलेली चरबी वेगळी कढवायची. पट्ट्यांना मीठ चोळायचं, असेल तर हळद, आणि अंगणात बांधलेल्या दोरीवर एकमेकींना चिकटणार नाहीत अशा टाकायच्या.

मग राखण. कावळे, घारी, कुत्री आणि सगळ्यांत चिवट म्हणजे माश्या. हे काम हातात काठी घेतलेल्या पोरांकडे. दव पडायच्या आत पट्ट्या घरात घ्यायच्या, सकाळी बाजू पालटून पुन्हा टाकायच्या. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत पट्टीचा रंग तांबडा सोडून काळपट होतो. वाकवल्यावर कट्‌कन मोडली की झाली. मोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ते पुन्हा एकदा उन्हात खडखडवायचे, मडक्यात भरायचे आणि तोंडाला फडकं बांधायचं. अधूनमधून ऊन दाखवायचं, नाहीतर कीड लागते. ऊन नसेल तेव्हा चूल. चुलीवर टांगलेलं मांस धुरानं आणि धगीनं सुकतं, आणि धुराची चव आयती मिळते.

यामागचं गणित सरळ आहे. चरबी काढलेल्या ताज्या मांसात चारातले सुमारे तीन भाग पाणी असतं. कुजवणाऱ्या जंतूंना जगायला तेच पाणी लागतं. मीठ आणि ऊन मिळून ते काढून घेतात. तीन-चार किलो मांसाच्या किलोभर चान्या होतात, आणि जे उरतो तो प्रथिनांचा अर्क. म्हणूनच चव दाट. निखाऱ्यावर टाकून भाजलेल्या चान्या पोरं नुसत्याच चघळत. कांदा-मिरचीत परतल्या की भाकरीबरोबर होत. मूठभर चान्या डाळीत सोडल्या की भांडंभर कालवणाला मांसाची चव येई, आणि घरात दहा तोंडं असली तर त्या मूठभराचं मोल वेगळं सांगायला नको.

हे तंत्र कुणी शोधलं? वाळवलेलं मांस जगात सगळीकडे आहे. अँडीज पर्वतात चार्की, दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग, तुर्कस्तानात पास्तिर्मा, उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचं चरबीत कालवलेलं पेमिकन. ऊन किंवा कोरडी थंडी जिथे आहे तिथे माणसानं हे आपापलं शोधलं. प्रत्येक ठिकाणी गरज मात्र वेगळी होती. कुणाला डोंगर ओलांडायचे होते, कुणाला हिवाळा काढायचा होता. चान्यांची गरज गावगाड्यानं निर्माण केली.

गावात जनावर मेलं की ते ओढून नेणं महारांच्या माथी होतं, आणि त्या बदल्यात मढ्यावरचा हक्क त्यांचा. परंपरा सांगते की बेदरच्या बादशहानं अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली. मेलेल्या जनावराचं कातडं हा त्यांतलाच एक. सनदेची गोष्ट आख्यायिका असेल, पण वतन खरं होतं. यात अडचण अशी की जनावर सांगून मरत नाही. महिनाभर काही नाही आणि एके दिवशी अख्खा बैल. मध्यम बैलाचंही शंभर किलोंच्या वर मांस निघतं. वाटे पडून घरोघरी गेलं तरी वैशाखाच्या उन्हात ते दुसऱ्या दिवशी नासणार. पुढचा बैल कधी मरेल याचा भरवसा नाही, आणि गावाकडून मिळणाऱ्या बलुत्यावर वर्ष निघत नाही. एका दिवसाची रेलचेल आणि पुढच्या महिन्यांची वानवा यांच्यात जो पूल बांधावा लागला, तो म्हणजे चान्यांचं मडकं.

याच सुमारास, म्हणजे दोरीवर चान्या वाळतच होत्या तेव्हा, युरोपात टिकाऊ मांसाचं दुसरं घराणं जन्माला आलं. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्यानं अन्न बाटलीत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात ठेवलं तर ते नासत नाही हे दाखवलं. १८१० मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागातल्या कारखान्यातून डबाबंद मांस इंग्रजी आरमाराकडे जाऊ लागलं. अन्न का टिकतं हे तेव्हा कुणालाच कळलेलं नव्हतं. पाश्चरचे प्रयोग पुढे अर्धशतकानं झाले. डबा उघडायची किल्लीही नव्हती. छिन्नी-हातोडा घ्या, असा सल्ला असे.

डब्याचं गूढ तिथेच सुरू झालं. आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. १८५२ मध्ये पोर्ट्‌समथजवळच्या भांडारात गोल्डनर या पुरवठादाराचे डबे उघडले तेव्हा बहुतेकांत सडका ऐवज निघाला, आणि इंग्लंडभर गदारोळ झाला. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’नं शिकागोच्या मांस कारखान्यांची अशीच झडती घेतली. तरी डबा हरला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत स्पॅम नावाचं डबाबंद मांस आलं, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर ते पॅसिफिकभर पोचलं, आणि हवाई बेटांवर आजही लोक ते आवडीनं खातात. ज्या अन्नाला सैनिक कंटाळले, त्याची पुढच्या पिढीला गोडी लागली.

सैन्याच्या शिध्यातल्या मांसाची आपल्या माणसांशी एक गाठ पडली ती पहिल्या महायुद्धात. मेसोपोटेमियात सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुत अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला तशी घोडी कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपंडितांकडून मोकळीक आल्याचे निरोप बिनतारी यंत्रणेवरून आले, तरी अनेकांना वाटायचं, घरी गेल्यावर जातीत घेतील का? उपाशी पोटाला प्रथिनं हवी होती, आणि निर्णय गावातली पंगत घेत होती. टिकवलेल्या मांसाची कुठलीही कुळकथा भारतात आली की इथेच येऊन थांबते: कसं टिकवलं याआधी कशाचं आणि कुणाच्या हातचं, हा प्रश्न येतो.

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी बैल म्हणजे या भातखाचरांचा राजा. त्याच्या कातडीला तेलकट ओल असते, धो धो पावसात चिखल तुडवताना तीच त्याला वाचवते. बैलाची शिंगं रंगवली जातात, मालकाला फेटा बांधला जातो. त्याच बैलाचं मढं ज्यानं उचललं त्याला मात्र गावानं वेशीबाहेर ठेवलं. जनावर कशानं मेलं हेही तो उचलणाराच भोगायचा. बुळकांडी, फऱ्या, घटसर्प. आणि फाशी (अँथ्रॅक्स) असेल तर मीठ आणि ऊन दोन्ही निकामी, कारण त्या रोगाचे बीजाणू वाळवल्यानं मरत नाहीत.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं. पुढे त्यांना यावरून एक प्रश्न विचारला गेला, तो राजूरपासून फार लांब नाही, संगमनेरला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी स्वतःच ती हकिगत सांगितली. संगमनेरला सभेसाठी गेले असताना ‘केसरी’च्या वार्ताहरानं त्यांच्या हाती चिठ्ठी दिली: तुमच्या लोकांना अंगभर कपडा नाही, आणि मेलेली जनावरं ओढू नका सांगून तुम्ही त्यांचं कातडं, शिंगं, मांस यांचं वर्षाचं पाचशे रुपयांचं उत्पन्न बुडवता. बाबासाहेबांचं उत्तर अशा आशयाचं होतं, की एवढा फायदा असेल तर तो तुमच्या पोरांनी खुशाल घ्यावा, वर मी पदरचे पाचशे देतो. हिशेब चुकीचा नव्हता. तो मांडणाऱ्याची खुर्ची चुकीची होती.

महाडच्या आवाहनानंतर गावोगावी मढी पडून राहिली. बहिष्कार झाले, मारहाणी झाल्या, तरी लोक मागे हटले नाहीत. १९५६ चं धर्मांतर झालं, मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकी वतनं संपली, आणि दोऱ्यांवरच्या चान्याही संपत गेल्या. खाण्याची जुनी तंत्रं सहसा नव्या यंत्रापुढे हरतात. दगडी जातं गिरणीपुढे हरलं. चान्या करणाऱ्यांच्या घरात तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता, कित्येकदा पुढच्या वेळचं अन्नही नव्हतं. तरी त्यांनी मडकं रिकामं केलं. भुकेची सोय ठरावानं सोडून देणारी माणसं इतिहासात थोडी.

पुढचा अध्याय लेखणीचा. अकोले तालुक्यातल्याच धामणगावचे दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं आणि महारवाड्याचं जगणं, मढ्यावरच्या वाट्यासकट, मराठी वाचकांच्या दिवाणखान्यात पोचलं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं शर्मिला रेगे यांच्या पुढाकारानं २००९ मध्ये दलित अन्नाच्या आठवणींचं संकलन केलं. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. तोवर मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांत पुरणपोळीचे दहा प्रकार सापडत, चान्यांना पान नव्हतं. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीच्या कत्तलीवर ती आधीपासून होती. आता करायच्याच म्हटल्या तर चान्या म्हशी-रेड्याच्या.

समाजात यावर एकमत नाही. पुष्कळ घरांत आजही चान्यांचा विषय निघाला की मोठी माणसं बोलणं दुसरीकडे वळवतात. जे निश्चयानं सोडलं त्याचे गोडवे कशाला, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला लिहिणारी पिढी म्हणते, आमच्या आज्यांना जे येत होतं ते नोंदवलं नाही तर तेही गावानंच गिळलं असं होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि मला त्यांत भांडण दिसत नाही. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेलं जनावर आणि त्याला बांधलेलं वतन. टोक न तोडता सुरी फिरवणं, चरबी वेगळी करणं, पट्टी मोडून पाहणं, ही त्या बायाबापड्यांची स्वतःची विद्या होती; ती कुठल्या पाटलानं दिली नव्हती आणि कुठल्या सनदेत लिहिली नव्हती. आपेरच्या बाटलीला आपण तंत्रज्ञान म्हणतो आणि चान्यांना गरिबीची आठवण. विकत आणलेल्या मांसाच्या, स्वतःच्या मर्जीनं, कुणी उद्या चान्या घातल्या, तर त्यांना बोंबलाशेजारी बाजारात जागा द्यायला राजूरला काय, कुठल्याच बाजाराला हरकत असू नये. आणि कुणी नाहीच घातल्या, तर तोही हक्क त्यांचाच.